नानांचं बाळंतपण

आमच्या घरातलं शेवटचं बाळंतपण झालं मायचं, पण बाळंतीण म्हणून मिरवले ते नाना. हे मी कुणाला सांगितलं, की समोरच्याला वाटतं, म्हातारपणी हिचं डोकं फिरलं. पण सुरतेजवळच्या उधन्यातल्या आमच्या गल्लीतली जुनी माणसं कुठं भेटली, की अजूनही पहिलं तेच विचारतात, "काय मंगू, तुना बापनं बाळतपन याद शे का?" आणि मग आम्ही भर रस्त्यात उभं राहून दात काढतो. माझा धाकटा भाऊ, ज्याच्यापायी हे सगळं घडलं, तो आता चांगला उंचापुरा गडी झालाय आणि त्याला ही गोष्ट अजिबात आवडत नाही. त्याच्या लग्नात मी ती त्याच्या सासरच्यांना सांगितली, तेव्हा तो आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता. तो इथं नाही तोवर लिहून टाकते.

तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. नाना, माय, मी आणि नानांचा धाकटा भाऊ सुकदेवकाका. भिंतीपलीकडं यंत्रमागांचा कारखाना होता. दिवसरात्र खटाखट चालायचं, आणि आम्हाला त्याची इतकी सवय, की लाइट जाऊन माग थांबले की उलट आम्ही दचकून जागे व्हायचो. नाना तिथंच माग चालवायचे. काका पलसाण्याला रंगाईच्या मिलमध्ये जायचा आणि संध्याकाळी हात जांभळे किंवा पोपटी करून यायचा. बाजारात कुठला रंग चालू आहे ते काकाच्या नखांकडं बघून गल्लीतल्या बायका ठरवायच्या. माय घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची, त्यामुळं खोलीला कायम डिंकाचा वास आणि भाकरीला कधीकधी एखादी चमकी. रविवारी नाना कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून लोचो, म्हणजे सुरती मऊ ढोकळा, आणायचे, वर तेल, शेव आणि कांदा. बाकी सहा दिवस कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मला त्या घराबद्दल काही तक्रार नव्हती. उलट आता या मोठ्या फ्लॅटात, एवढ्या शांततेत, मला धड झोप लागत नाही.

मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं आणि अशात मायला दिवस गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैत्रिणी तोंडावर ओढणी घेऊन खुसुखुसु हसायच्या, म्हणून मी नळावर लांबच्या गल्लीतून जायला लागले. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा मला मायचा रागच आला होता. माझ्यानंतर तिला दोन मुलं झाली होती आणि दोन्ही दिवसांच्या आधी येऊन, आठवडाही न काढता गेली होती. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे, कारण नावं ठेवायची वेळच आली नव्हती. या वेळी मायनं एक झबलं शिवलं नाही, एक दुपटं बाजूला काढलं नाही. जणू काही व्हायचंच नाही, अशी ती नवव्या महिन्याकडं न बघता टिकल्या चिकटवत बसायची.

आणि तोही आधीच आला. पोट फाडून काढावा लागला. सिस्टरनं वजन सांगितलं, सव्वा किलोच्या जरासं वर. नाना बाहेर बाकावर बसले होते, ते ऐकून म्हणाले, "सव्वा किलो? तेवढी तं मी भरीतले वांगी आनस." आणि मग इतके रडले, की शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानं त्यांना आपला रुमाल दिला.

माय शुद्धीवर आली, तेव्हा सिस्टर बाळ दाखवायला घेऊन गेली. मायनं तोंड भिंतीकडं फिरवलं. "माले नका दखाडू," एवढंच म्हणाली. पुढं दहा दिवस तिचं तेच. दूध काढून वाटीत द्यायची, वाटी पुढं करताना डोळे मिटायची. सुरुवातीला ताप होता म्हणून कुणी आग्रह केला नाही. ताप उतरला, टाके सुकले, ती वॉर्डात चालायला लागली, तरी समोरच्या खोलीत लेकरू असून तिनं उंबरा ओलांडला नाही. आम्ही कुणीच तिला रागावलो नाही. रागवायचं कुठल्या तोंडानं?

तो सरकारी दवाखाना होता आणि उबेच्या काचेच्या पेट्या थोड्या, पोरं फार. आमच्या पेटीत आमच्या बाळासोबत आणखी एक होतं, दोघं पाय एकमेकांत अडकवून निजायची. तिथं एक तरुण डॉक्टर होते, नुकतेच कुठूनतरी नवीन काही शिकून आलेले आणि ते कधी एकदा करून बघतो, असं झालेले. त्यांनी आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, की पेटीपेक्षा माणसाची छाती बरी. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट, आणि उघड्या छातीवर उभं बांधायचं, दिवसरात्र, ऊब तुटू द्यायची नाही. आईनं घेतलं तर सोन्याहून पिवळं. ते प्यायला शिकेल, वजन चढेल. आई घेत नसेल तर घरातलं कुणीही, पण थांबायचं नाही. याला कांगारू म्हणतात, असं म्हणून त्यांनी केसपेपरच्या पाठीवर एक जनावर काढून दाखवलं. नानांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. काका म्हणाला, "साहेब, हे तर आमच्याकडं माकडीण पण करते. मग माकडच म्हणा ना, आम्हाला समजेल." शेवटपर्यंत काका त्याला माकडडॉक्टरीच म्हणायचा.

पहिला नंबर नानांचा. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर कोकिलाबेन, उंच, कडक, तोंडात कायम बडीशेप. त्यांनी हुकूम सोडला, "शर्ट काढो, भाई." नानांनी शर्ट काढला, बनियन काढलं, आणि डोळे मिटून, लस टोचून घ्यायला बसल्यासारखे खुर्चीत बसले. कोकिलाबेननी बाळ त्यांच्या छातीवर ठेवलं मात्र, नानांच्या तोंडून 'खिक्' असा आवाज आला. आमच्या नानांना गुदगुल्या होतात, हे एकोणीस वर्षांत मला माहीत नव्हतं. मायला माहीत असावं. बाळ बोटं हलवायचं, की नाना गदागदा हलायचे, आणि त्यांच्यासोबत बाळ. "हसवानुं बंध करो, छोकरो हाले छे!" कोकिलाबेन ओरडल्या. नानांनी ओठ दाबले, गाल फुगवले, डोळ्यांतून पाणी आलं. मी तोंडात ओढणी कोंबली. "मंगू, हासू नको," नाना कसेबसे म्हणाले, "तू हासनी का माले बी हासू येस." अर्ध्या तासानं दोघंही दमून शांत झाले. बाळाच्या पायाला हात लावला तर कोमट. सकाळपासून तो पाय गार होता.

दिवसाच्या चोवीस तासांचं काय करायचं, हा प्रश्न डॉक्टरांना पडला होता, आम्हाला नाही. मागावर काम करणाऱ्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. बदली कारागीर येतो, तुमच्या शेजारी उभा राहतो, एका हातानं तुटलेला धागा सांधतो, तेवढ्यात तुम्ही मागावरून निसटता, आणि माग एक फेरासुद्धा थांबत नाही. नानांनी बाळाला तोच कायदा लावला. येणाऱ्यानं आधी हात-छाती धुऊन, पुसून, जाणाऱ्याच्या अगदी जवळ बसायचं, कापडाची गाठ सैल करायची आणि बाळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सरकवायचं. मध्ये वारा लागू द्यायचा नाही. नाना, काका आणि मी अशा तीन ड्युट्या. मी बसते म्हटल्यावर गल्लीतली एक बाई बोललीच, कुवारी पोर लेकरू छातीला बांधून बसते, उद्या पाहुणे बघायला आले तर काय सांगाल? नाना म्हणाले, "सांगू, पोरगीले काम येस." कोकिलाबेन आमचा तो बदलीचा प्रकार कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बो हारु." म्हणजे फार छान. सुरती माणसानं 'बो हारु' म्हटलं, की समजायचं, पदवी मिळाली.

पहिल्यांदा मी त्याला घेतलं, तेव्हा मला त्याच्याबद्दल काही वाटत नव्हतं, खरं सांगते. कर्तव्य म्हणून बसले. माझ्या शाळेच्या मोज्याचा वरचा भाग कापून केलेली टोपी त्याच्या डोक्यावर होती आणि डोकं माझ्या हनुवटीखाली. अंग इतकं हलकं, की आहे की नाही ते बघायला मी श्वास धरायची. मग तोही धरायचा! मी घाबरून श्वास सोडला, की तोही सोडायचा. तिसऱ्या दिवशी मी माझी वेळ व्हायच्या तासभर आधी जाऊन बसायला लागले आणि काकाशी भांडायला लागले, की तुझी वेळ संपली, सरक.

दरम्यान गल्लीतून बाळंतिणीचं खाणं यायला लागलं. डिंकाचे लाडू, खारकेची पूड, बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी, तुपात भिजलेला अळीवाचा शिरा. माय दोन घास खाऊन डबा सरकवायची. नाना म्हणाले, अन्नाचा अपमान नको, आणि तसंही मीच तर बसतोय. त्यांनी लाडवांना सुरुवात केली. बाळंतिणीच्या कानाला वारा लागू नये म्हणून एका म्हातारीनं रुमाल पाठवला होता, तोही त्यांनी डोक्यावरून हनुवटीखाली बांधला. मिशा, रुमाल, उघडी छाती, पोटाशी लेकरू आणि हातात लाडू! राउंडला आलेले डॉक्टर दारातूनच परत फिरले आणि व्हरांड्यात जाऊन हसून आले. "लाडवा कोणे खाधा?" कोकिलाबेननी रिकामा डबा वाजवत विचारलं. नाना गंभीरपणे म्हणाले, "बेन, दूध उतरायला हवं ना." त्या दिवसापासून गल्लीभर झालं, नाना बाळंत झाले. बाया येऊन त्यांची दृष्ट काढायच्या. नानांचं वजन त्या दिवसांत चांगलं वाढलं. बाळाचं मात्र सव्वा किलोच्या वर चढेना. डॉक्टर रोज तराजूशी थांबायचे, मायच्या वॉर्डाकडं बघायचे आणि मला हळूच विचारायचे, "मम्मी आवी?" मी नाही म्हणून मान हलवायची. हा पोरगा जगेल, पण आता याला त्याची आई पाहिजे, असं त्यांनी नानांना सरळ सांगितलं. नाना मायच्या खाटेशी जाऊन बसले, काहीतरी बोलले, आणि तसेच परत आले.

अडचण आली ती कापडाची. बाळाला बांधायला मऊ, सुती, जुनं कापड आणा, असं कोकिलाबेननी सांगितलं होतं. सोपं वाटलं. पण सुरतेत सुती कापड शोधून बघा. आम्ही सगळे कापडावर जगणारे, मैलच्या मैल कापड आमच्या हाताखालून जायचं, पण ते सगळं पॉलिस्टर. घरात साडी पॉलिस्टर, पडदा पॉलिस्टर, चादर पॉलिस्टर. त्यात बाळ बांधलं, की ते साबणासारखं खाली सरकायचं. सगळी गल्ली पालथी घातली, तेव्हा एका आजीच्या पेटीतून एक जुनं सुती लुगडं मिळालं. त्याचेच तुकडे फाडून, धुऊन, वाळवून आम्ही दिवस काढत होतो. एक दिवस तुकडे सगळेच ओले झाले. काका म्हणाला, काळजी नको, मी आणतो. मिलच्या शेजारी सुती रंगवणारं एक युनिट होतं, तिथून त्यानं दोस्ताकडून एक तुकडा आणला. सुंदर गडद निळा, मऊसूत. मी म्हटलं, काका, तान्ह्या लेकराला नवं कापड लावायचं नसतं. बाराव्या दिवसापर्यंत तर नाहीच, आणि आमच्यात बारसंही अजून झालेलं नव्हतं. काका म्हणाला, "नवं कुठं आहे? तीन हौदांतून उकळून निघालंय ते. तुझ्यापेक्षा जास्त आंघोळी झाल्यात त्याच्या." मला हसू आलं आणि मी ते कापड ठेवून घेतलं. चूक काकाची होती, तशी माझीही, कारण शेवटच्या धुलाईआधीचं कापड कसं असतं, हे आमच्या घरात राहून मला कळायला हवं होतं.

दुपारची वेळ, लाइट गेलेली, पंखा बंद. काका खुर्चीत बाळाला बांधून बसला होता आणि घामानं निथळत होता. मी चारला बदलीवर गेले. शेजारी बसले, गाठ सैल केली, हात आत घातला आणि बाळ माझ्याकडं सरकवलं. त्याची पाठ निळी होती. तळपाय निळे. गालाची एक बाजू निळी.

डॉक्टरांनी आमच्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. अंग निळं दिसलं, की विचार करत बसायचं नाही, ओरडायचं. मी ओरडले. कशी ओरडले ते मला आठवत नाही, पण लोक सांगतात, की खालच्या मजल्यावर औषधाच्या रांगेतली माणसं वर बघायला लागली. "सिस्टर, बाळ निळं पडलं!" कोकिलाबेन धावल्या, बाळ उचलून उजेडात ठेवलं, ऑक्सिजनची नळी नाकाशी धरली. डॉक्टर धावत आले. काका खुर्चीत जागच्या जागी थिजलेला, हात जोडून कुणाला तरी विनवत होता. माझ्या मनात एकच, की माझ्या हातात आल्यावर झालं, माझ्याच हातात.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. बाळ तर बेंबीच्या देठापासून रडत होतं, आणि उघडं तोंड आतून लालभडक. ते काही बोलणार, तेवढ्यात दार आपटलं. माय. अनवाणी, केस सुटलेले, एक हात पोटावर टाक्यांशी दाबलेला. दहा दिवस जो उंबरा तिनं ओलांडला नव्हता, तो ओलांडून ती आली, कोकिलाबेनना कोपरानं बाजूला सारलं आणि बाळ उचललं. मग पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि त्याच्या पाठीवर घासलं. पदर निळा झाला. पाठ गुलाबी.

मायनं पदराकडं पाहिलं. मग काकाच्या मांडीवर पडलेल्या त्या कापडाकडं. मग काकाकडं. काकाची अख्खी छाती, पोट, हनुवटी, सगळं निळंशार होतं, आणि आमच्यापैकी एकालाही ते दिसलं नव्हतं.

"रंग शे हाऊ!" माय म्हणाली. "कच्चा रंग शे! सुकदेव!"

"वहिनी," काका रडवेल्या आवाजात म्हणाला, "मी तं चांगलाच कपडा आनेल व्हता..."

पहिल्या कोकिलाबेन फुटल्या. भिंतीला टेकून, पोट धरून हसल्या, तोंडातली बडीशेप जमिनीवर. मग डॉक्टर. मग व्हरांड्यातून डोकावणाऱ्या बाया. माझं तर हसू आणि रडू एकत्रच निघालं. नाना शिफ्टवरून सरळ तिथं आले होते, त्यांना काय झालं ते कुणी धड सांगेना, कारण प्रत्येकजण सांगायला तोंड उघडायचा आणि काकाकडं बघून पुन्हा कोलमडायचा. आजही हे लिहिताना मला दोनदा लेखणी खाली ठेवावी लागली.

या गोंधळात माय हसली नव्हती. ती खुर्चीत बसली होती. तिनं ब्लाउजची बटणं काढून बाळ आत घेतलं होतं, वरून पदर ओढला होता, आणि रडणं थांबलं होतं. माझ्या ते लक्षात आलं, तेव्हा मी घड्याळाकडं पाहिलं. चार वाजून गेले होते, आता माझी वेळ होती. ज्या लेकराची मला लाज वाटायची, त्याच्यासाठी मी माझ्या आईवर जळले. तेही लिहायला हवं, म्हणून लिहिते.

डॉक्टर डोळे पुसत पुढं आले. रंग बाळाच्या तोंडात गेला का, छाती कशी आहे, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी दोन्ही हात पसरले. "आपो बेन, मने जोवा दो."

मायनं बाळ आणखी घट्ट धरलं. "दोन दिन्हात," ती म्हणाली. "हाऊ देस नही."

डॉक्टरांना अहिराणी येत नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खोलीतलं हसू थांबलं होतं. मी म्हणाले, "बोलती है, दो दे दिए. ये नहीं देगी."

त्यांनी हात खाली घेतले. एक स्टूल ओढलं, मायच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसले. स्टेथोस्कोपचं टोक दोन्ही तळव्यांत धरून गरम केलं आणि मायनं बाळ जिथं धरलं होतं तिथंच, पदराखाली सरकवून, ऐकत राहिले. माय त्यांच्या तोंडाकडं बघत होती. आम्ही सगळेच बघत होतो. त्यांनी मान डोलावली, हसले, सगळं ठीक आहे, अशी खूण केली.

"माले बी आयकू द्या," माय म्हणाली.

याचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी आपल्या कानांतून नळ्या काढल्या आणि मायच्या कानांत घातल्या. ती कितीतरी वेळ मान वाकडी करून ऐकत बसली, आणि मग हसायला लागली.